यंत्राला कळलेली वीज वावरात कळेल का?

वऱ्हाडात मार्च ते जून आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दोन बातम्या एकमेकींच्या मागोमाग छापल्या जातात. पहिली बातमी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या इशाऱ्याची असते : अकोला, अमरावती जिल्ह्यांत विजांच्या कडकडाटासह पावसाची शक्यता. दुसरी एक-दोन दिवसांनी येते : वावरात काम करणाऱ्या, झाडाखाली थांबलेल्या किंवा गुरे राखणाऱ्या कुणाचा तरी वीज पडून मृत्यू. इशारा खोटा नसतो, तरीही मृत्यू टळत नाही. या दोन बातम्यांच्या मधल्या काळात नेमके काय घडते, हे समजून घ्यायचे तर आधी वीज शोधणारी यंत्रणा कशी चालते ते पाहावे लागेल.

आधी देशाचे आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी अपघाती मृत्यूंचा अहवाल काढतो. त्यानुसार वीज पडून २०१९ मध्ये २,८७६, २०२० मध्ये २,८६२, २०२१ मध्ये २,८८० आणि २०२२ मध्ये २,८८७ जणांचा मृत्यू झाला. २०२२ मध्ये नैसर्गिक कारणांनी झालेल्या एकूण ८,०६० मृत्यूंपैकी ३५.८ टक्के मृत्यू एकट्या विजेने झाले. पूर, उष्माघात आणि थंडी यांची चर्चा अधिक होते, पण बळींच्या यादीत वीज सर्वांच्या पुढे आहे. मृत्यूंच्या संख्येत मेळघाटाला लागून असलेला मध्य प्रदेश देशात पहिला आहे.

या चार आकड्यांतली रेषा जवळपास सपाट आहे. नेमक्या याच काळात देशातली वीजशोधक यंत्रणा मात्र पूर्वी कधी नव्हती इतकी सक्षम झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे ‘आयआयटीएम’ने, आधी महाराष्ट्रात आणि नंतर देशभर सेन्सरचे जाळे उभारले. आज त्यात ८३ सेन्सर आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे स्वतंत्र जाळे आहे. ‘दामिनी’ हे ॲप मोफत मिळते. तरीही बळींची संख्या हलत नाही.

खरखर हाच पुरावा

मीडियम वेव्हवर नागपूर आकाशवाणी ऐकणाऱ्या पिढीला विजेच्या शोधाचे मूळ तत्त्व ठाऊक आहे. दूर क्षितिजावर वीज चमकली की ट्रान्झिस्टरमध्ये ‘खर्र’ असा आवाज येई, आणि तोही गडगडाटाच्या कितीतरी आधी. वीज म्हणजे काही किलोमीटर लांबीच्या वाटेने क्षणभर वाहणारा प्रचंड प्रवाह, साधारण ३० हजार अँपिअरचा. इतका प्रवाह इतक्या थोड्या वेळात सुरू होऊन थांबतो, तेव्हा ती वाट एखाद्या अँटेनासारखी वागते आणि रेडिओ लहरी चहूकडे फेकते. एफएमच्या तंत्रात ही खरखर गाळली जाते, त्यामुळे आजच्या श्रोत्याला ती ऐकू येत नाही. वीज शोधणारे यंत्र मात्र आकाशवाणीचे गाणे गाळते आणि खरखर तेवढी ठेवते.

विजेतून सगळ्याच पट्ट्यांतल्या लहरी निघतात, पण जमिनीवर पडणाऱ्या विजेची सर्वाधिक ताकद कमी वारंवारतेच्या लहरींत असते. ३ ते ३० किलोहर्ट्झ हा अतिनिम्न आणि ३० ते ३०० किलोहर्ट्झ हा निम्न पट्टा. १० किलोहर्ट्झच्या एका लहरीची लांबी ३० किलोमीटर भरते. एवढ्या लांब लहरीला टेकडी, इमारत किंवा जंगल अडवू शकत नाही. शिवाय जमीन आणि वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, म्हणजे आयनांबर, या दोहोंच्या मधून ती बोगद्यातून जावी तशी हजारो किलोमीटर जाते. म्हणूनच अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातून चालणारे जागतिक जाळे जगभरातल्या सुमारे ७० केंद्रांवर साऱ्या पृथ्वीवरच्या मोठ्या विजा टिपू शकते.

ही कल्पना जुनी आहे. रशियाच्या अलेक्झांडर पोपोव्ह यांनी १८९५ मध्ये दूरच्या विजेची नोंद करणारे यंत्र बनवले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या हवामान खात्यात रॉबर्ट वॉटसन-वॅट वैमानिकांना वादळाची सूचना देण्यासाठी विजेच्या रेडिओ लहरींचा माग काढत होते. त्याच वॉटसन-वॅट यांनी १९३५ मध्ये ब्रिटनच्या रडारचा पाया घातला. विमान शोधणाऱ्या तंत्राची वाट अशी विजेच्या शोधातून गेली आहे.

२० मायक्रोसेकंदांचे गणित

वीज कुठे पडली हे कसे कळते? समजा, अकोला आणि अमरावती येथे एकेक सेन्सर आहे आणि वीज मूर्तिजापूरजवळ पडली. सरळ रेषेत मूर्तिजापूरहून अकोला सुमारे ३९ आणि अमरावती सुमारे ४५ किलोमीटर. रेडिओ लहर प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. त्यामुळे लहर अकोल्यात आधी पोहोचेल आणि अमरावतीत त्यानंतर सुमारे २० मायक्रोसेकंदांनी. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

एवढ्या फरकावरून नेमका बिंदू मिळत नाही. ‘अमरावतीपेक्षा अकोल्याला ६ किलोमीटर जवळ’ असे अनेक बिंदू नकाशावर असतात आणि ते जोडले की एक वक्र रेषा तयार होते. तिसऱ्या सेन्सरमुळे दुसरी वक्र रेषा मिळते आणि दोन्ही जिथे छेदतात तिथे वीज पडलेली असते. प्रत्यक्षात चूक पकडण्यासाठी चार-पाच किंवा त्याहून अधिक सेन्सरच्या नोंदी जुळवल्या जातात. या साऱ्याचा आधार अचूक घड्याळ. एका मायक्रोसेकंदाची चूक झाली तर जागा शेकडो मीटरने सरकते. म्हणून प्रत्येक सेन्सर जीपीएस उपग्रहांच्या घड्याळाशी आपली वेळ जुळवून ठेवतो. सगळ्या नोंदी पुण्याच्या मध्यवर्ती संगणकाकडे जातात आणि काही क्षणांत विजेचे अक्षांश-रेखांश निघतात. या जाळ्याची अचूकता ५०० मीटरच्या आत असल्याचे सांगितले जाते.

लहरीच्या आकारावरून आणखी माहिती मिळते. जमिनीवर उतरणाऱ्या विजेचा ठोका काही मायक्रोसेकंदांत एकदम चढतो आणि मग सावकाश उतरतो. ढगातल्या ढगात चमकणाऱ्या विजेचे ठोके लहान, तुटक आणि वेगळ्या घाटाचे असतात. ठोक्याच्या उंचीवरून प्रवाह किती होता आणि ढगातून जमिनीकडे कोणता विद्युतभार उतरला, याचाही अंदाज येतो. हा तपशील केवळ अभ्यासकांच्या कामाचा नाही. एकूण विजांपैकी साधारण तीन चतुर्थांश विजा ढगातच राहतात आणि वादळ जोर धरू लागले की आधी त्यांचीच संख्या झपाट्याने वाढते. ती वाढ वेळेत दिसली, तर जमिनीवर वीज उतरण्यापूर्वी काही मिनिटांची सवड मिळू शकते.

रडारला अकोला दुरून दिसतो

वऱ्हाडासाठी हे जाळे विशेष महत्त्वाचे का, याचे उत्तर भूगोलात आहे. नागपूरच्या डॉप्लर रडारपासून अमरावती सरळ रेषेत सुमारे १४० आणि अकोला सुमारे २२० किलोमीटर आहे. रडारचा झोत जमिनीला घासून जात नाही. तो किंचित वर रोखलेला असतो आणि पृथ्वी गोल असल्याने पुढे आणखी उंच जातो. अर्ध्या अंशाने वर रोखलेला झोत अकोल्यावर पोहोचतो तेव्हा जमिनीपासून जवळपास पाच किलोमीटर उंचीवर असतो. ढगाचा माथा दिसतो, पायथा दिसत नाही. रडार पावसाचे थेंब आणि गारा दाखवते. वीज दाखवणे हे त्याचे काम नाही. कमी वारंवारतेच्या लहरींना मात्र हे अंतर जाणवत नाही. रडार जिथे थकते तिथे सेन्सरचे जाळे उपयोगी पडते.

हंगामही लक्षात घ्यायला हवा. सर्वाधिक पाऊस जुलै-ऑगस्टमध्ये पडतो, पण विजांचा जोर त्याच्या आगेमागे असतो. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. तापलेल्या काळ्या जमिनीवरची हवा वेगाने वर चढते, तिला ओलावा मिळाला की ढग १२ ते १५ किलोमीटर उंचीपर्यंत वाढतात. वर बर्फाचे बारीक स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आपटून विद्युतभार वेगळा होतो. हाच काळ मशागतीचा आणि पेरणीच्या तयारीचा. पाऊस परतताना, सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये, दुपारनंतर पुन्हा तसेच ढग उठतात, तेव्हा सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी चालू असते. म्हणजे आभाळात विजा सर्वाधिक असतात, तेव्हाच उघड्या वावरात माणसेही सर्वाधिक असतात. पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट पट्टा, धुऱ्यावरचे एखादे बाभळीचे वा निंबाचे झाड आणि मैलभर एकही पक्की इमारत नाही, ही परिस्थिती विजेला सोयीची आणि माणसाला घातक आहे.

इशाऱ्याचे वर्तुळ केवढे?

आता यंत्रणेच्या मर्यादा. देशाचे क्षेत्रफळ ८३ सेन्सरमध्ये सारखे वाटले तर एका सेन्सरच्या वाट्याला जवळपास ४० हजार चौरस किलोमीटर येतात. अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे मिळून सुमारे साडेसतरा हजार चौरस किलोमीटर भरतात, म्हणजे एका सेन्सरच्या वाट्याच्या निम्मेही नाहीत. जमिनीवर पडणाऱ्या जोरदार विजांसाठी एवढी विरळ मांडणी चालते. ढगातल्या क्षीण विजा मात्र दूरच्या सेन्सरपर्यंत पोहोचेतो मंद होतात आणि काही निसटतात. आगाऊ सूचनेसाठी त्याच अधिक मोलाच्या असल्याने सेन्सर वाढवणे ही हौस नाही, गरज आहे.

दुसरी मर्यादा तत्त्वाचीच आहे. सेन्सर पडलेली वीज सांगतो, पडणारी नव्हे. दुसरीकडून सरकत येणाऱ्या वादळाची सूचना चांगली मिळते, कारण त्याने वाटेत विजा पाडलेल्या असतात. ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने येणारे वादळ २० किलोमीटर अंतर कापायला अर्धा ते पाऊण तास घेते. पण ढग थेट डोक्यावरच वाढला तर त्याच्या पहिल्या विजेआधी सेन्सरकडे सांगण्यासारखे काहीच नसते. अशा वेळी काळवंडलेले आभाळ, एकाएकी सुटलेला गार वारा आणि दूरचा पहिला गडगडाट हेच इशारे.

तिसरी मर्यादा वर्तुळाची. ‘दामिनी’ आपल्या भोवतीच्या २० आणि ४० किलोमीटर परिघातील विजांची सूचना देते. ४० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ पाच हजार चौरस किलोमीटरच्या वर जाते, म्हणजे जवळजवळ अख्खा अकोला जिल्हा. तेल्हाऱ्याकडे वीज चमकली म्हणून अकोल्याजवळच्या वावरात फोन वाजेल आणि तिथे ऊन असेल. असे चार-पाच वेळा झाले की सहावा इशारा कुणी मनावर घेत नाही. यात लोकांचा निष्काळजीपणा शोधणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. दिवसाच्या मजुरीवर घर चालणारी बाई प्रत्येक सूचनेला विळा खाली ठेवू शकत नाही. काम थांबले तर अर्ध्या दिवसाची मजुरी कोण देणार, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही ॲपमध्ये नाही.

चौथी मर्यादा सर्वांत साधी : फोन. ॲपला स्मार्टफोन, इंटरनेट आणि चालू असलेले लोकेशन लागते. मेळघाटातल्या अनेक गावांत रेंज मिळवण्यासाठी टेकडी चढावी लागते, आणि वीज कडाडत असताना टेकडी ही जाण्याची जागा नव्हे. वावरात कामाला जाताना फोन घरी राहतो किंवा तो साधा, बटणांचा असतो. पुण्याच्या संगणकाला जे काही क्षणांत कळते, ते ज्याला सर्वाधिक गरज आहे त्याच्यापर्यंत कधीकधी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून पोहोचते.

शेवटचा टप्पा माणसांचा

या त्रुटींवर उपाय आहेत आणि ते फार महागही नाहीत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ यंत्रणेतून ठरावीक भागातल्या फोनवर संदेश पाठवता येतो. २०२३ मध्ये देशभर फोनवर मोठ्या आवाजात आलेले चाचणी संदेश अनेकांना आठवत असतील. मोबाइल टॉवरवरून थेट जाणाऱ्या त्या संदेशाला इंटरनेट किंवा ॲप लागत नाही. जिल्ह्याऐवजी महसूल मंडळापुरता आणि ‘आज दिवसभर’ऐवजी ‘पुढचा पाऊण तास’ असा संदेश मराठीत, मेळघाटात कोरकूतही, गेला तर त्याचे वजन वाढेल. त्याच्या जोडीला ग्रामपंचायतीचा भोंगा, पोलीस पाटील, कोतवाल आणि मजुरांची टोळी घेऊन जाणारा मुकादम ही साखळी आहेच. वीस बायकांच्या टोळीत एका फोनवर इशारा आला तरी पुरे, फक्त काम थांबवण्याचा अधिकार कुणाचा हे आधी ठरलेले हवे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ पेरणीपासून फवारणीपर्यंतचा सल्ला गावागावांत पोहोचवते. विजेचा सल्ला त्याच वाटेने जाऊ शकतो.

वीज पडून मृत्यू झाल्यास राज्यात वारसांना चार लाख रुपयांची मदत मिळते. त्यासाठी पंचनामा आणि शवविच्छेदन लागते. कुठल्या दिवशी, किती वाजता, कोणत्या शिवारात वीज पडली याची नोंद पुण्यात असतेच. ती तहसील कार्यालयाला सहज पाहता आली तर शंकेपायी रखडणारी प्रकरणे लवकर सुटतील. त्याच नोंदी काही वर्षांच्या एकत्र केल्या तर वीज कोणत्या शिवारात आणि कोणत्या तासाला अधिक पडते याचा गाववार नकाशा होईल आणि निवारे कुठे बांधायचे हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

वीज अटकाव यंत्रांबाबतही स्पष्टता हवी. उंच खांबावरचा नीट जमिनीशी जोडलेला धातूचा दांडा वीज आपल्यावर घेऊन सुरक्षित उतरवतो, हे बेंजामिन फ्रँकलिनच्या काळापासून, अठराव्या शतकापासून ठाऊक आहे. पण त्याचे संरक्षण ढोबळमानाने त्याच्या उंचीइतक्या परिसरापुरते असते. एका यंत्रात सारे गाव किंवा शेकडो एकर शिवार सुरक्षित होईल, या दाव्याला विज्ञानाचा आधार नाही. शाळा, समाजमंदिर, पाण्याची टाकी यांवर ती जरूर बसवावीत. वावरातल्या माणसासाठी मात्र जवळचा पक्का निवारा हाच उपाय आहे.

जिवावर बेतते कसे?

वीज थेट डोक्यावर पडून होणारे अपघात अवघे ३ ते ५ टक्के असतात, असा या विषयातल्या वैद्यकीय अभ्यासकांचा अंदाज आहे. जवळपास निम्मे अपघात जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहाने होतात आणि त्याखालोखाल झाडावरून बाजूच्या माणसावर उडी घेणाऱ्या विजेने. झाडाखाली थांबणे दुहेरी धोक्याचे ठरते ते यामुळेच. जमिनीतला प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. पायांत अंतर जितके जास्त तितका धक्का मोठा. गुरांचे पुढचे आणि मागचे पाय दूर असतात व हृदय त्या वाटेवरच येते, म्हणून एका झाडाखाली बांधलेली जनावरे एकदम दगावतात.

नियम मोजकेच आहेत. गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आहोत. चमक आणि आवाज यांत नऊ सेकंद गेले तर वीज तीन किलोमीटरवर आहे; पुढची डोक्यावर असू शकते. पक्के घर, शाळा किंवा काचा लावलेली, धातूच्या छताची बस-जीप हा खरा निवारा. उघडा ट्रॅक्टर, चार खांबांवरची टिनाची शेड, मचाण आणि झाड हा निवारा नव्हे. जवळ काहीच नसेल तर घोळक्याने न थांबता एकमेकांपासून अंतर ठेवावे, तारेच्या कुंपणापासून दूर जावे, आडवे झोपू नये, पाय जुळवून उकिडवे बसावे. ही शेवटची युक्ती आहे, संरक्षण नव्हे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पाऊस थांबला म्हणजे वीज थांबली असे नसते, ती ढगापासून कित्येक किलोमीटर दूर कोरड्या जागीही पडते.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात विद्युतभार उरत नाही. त्याला हात लावायला भिऊ नये. त्याला शेणात किंवा मातीत पुरण्याचा प्रकार काही ठिकाणी अजून होतो. त्यात जीव वाचवण्याची मिनिटे वाया जातात. विजेने हृदय आणि श्वास एकदम बंद पडतो. हृदय काही वेळा आपोआप चालू होते, पण श्वास परतला नाही तर ते पुन्हा थांबते. म्हणून श्वास नसेल तर लगेच छातीच्या मध्यभागी जोरात व सलग दाब द्यावा, येत असेल तर तोंडाने श्वासही द्यावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. अनेकांना वीज लागली असेल तर जो निपचित पडला आहे त्याच्याकडे आधी धावावे. कण्हणारा श्वास घेत असतो.

विजेला थांबवता येत नाही. ती कुठे पडली हे सांगणारी यंत्रणा मात्र देशाकडे आहे आणि तिला मायक्रोसेकंदांचा हिशोब जमतो. पुढचा हिशोब मिनिटांचा आहे : पुण्याच्या संगणकापासून मूर्तिजापूरच्या धुऱ्यापर्यंत इशारा किती मिनिटांत पोहोचतो आणि तिथून पक्क्या छपराखाली जायला किती मिनिटे लागतात. या दोन्हींची बेरीज वादळाच्या वेगापेक्षा कमी झाली, तर आणि तरच बळींची ती सपाट रेषा खाली येऊ लागेल.